मोजणीची क प्रत

पनवेल तालुक्यातल्या एका गावात हळदीला गेले होते. मांडवात बायकांच्या घोळक्यात बसले असताना नवरीच्या आजीने विचारलं, ‘‘काम काय करतेस गो?’’ एरवी ‘आयटीत आहे’ म्हटलं की भागतं. त्या दिवशी मात्र नीट सांगावंसं वाटलं. ‘वेब ॲनालिटिक्स’ या शब्दांचा तिथे काही उपयोग नव्हता, म्हणून म्हटलं, ‘‘मोजणीचं काम करते, आजी.’’

म्हातारीचा हसरा चेहरा एकदम गंभीर झाला. ‘‘म्हंजे तू पन मोजनीवाली?’’

मी घाईघाईने सांगितलं, जमीन नाही मोजत. लोक मोबाइलवर दुकानं बघतात, बातम्या वाचतात. ते किती आले, कुठून आले, काय बघून गेले, ते मोजते. आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘त्यांना म्हाईत असतं का, तू मोजतेस ते?’’

माझ्या कामाबद्दल आजवर मला पुष्कळ प्रश्न आले आहेत. कॉम्प्युटर दुरुस्त करतेस का, फेसबुक हॅक करता येतं का, आमच्या दुकानाचं नाव गुगलवर वर आणशील का. पण या प्रश्नाइतका नेमका प्रश्न ऑफिसातल्या कुणीही विचारला नव्हता.

आजीचा चेहरा का बदलला हे पनवेलच्या माणसाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. १७ मार्च १९७० रोजी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. भातशेती, मिठागरं, गावठाणाच्या कडेची वाडी, सगळ्यावर मोजणी लागली. जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले आणि १६ व १७ तारखेच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली, ती या लढ्याच्या रेट्यामुळे. त्यानंतर विमानतळ आला. त्याच्यासाठी दहा गावं उठली, आणि ८ ऑक्टोबर २०२५ला त्याचं उद्घाटन झालं. या साऱ्याची सुरुवात लोकांनी एकाच दृश्यात पाहिली आहे: अनोळखी माणसं बांधावर येतात, कागदावर काहीतरी लिहितात आणि निघून जातात. काय लिहिलं ते ज्याचं शेत त्याला पुष्कळ उशिरा कळतं.

भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी करून घेतली की नकाशाची जी प्रत अर्जदाराला मिळते तिला ‘क प्रत’ म्हणतात. गावात बांधाचा वाद निघाला की पहिला सवाल येतो, क प्रत आहे का? संपादनाच्या मोजणीत मात्र अर्जदार शेतकरी नसतो. मोजणी त्याच्या शेताची, मागणी दुसऱ्याची.

आमच्या घरात मोजणारा आणखी एक माणूस आहे, त्याच्याकडे बघून मात्र कुणाचा चेहरा उतरत नाही. माझे मामा एसटीत कंडक्टर होते. पनवेल आगार, बरीच वर्षं अलिबागच्या फेऱ्या. कागदी तिकिटांच्या काळात प्रत्येक किमतीच्या तिकिटांची वेगळी गड्डी असायची, आणि ठरलेल्या टप्प्यावर बस आली की मामा वेबिलावर, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदावर, प्रत्येक गड्डीचा चालू नंबर लिहायचे. मागच्या टप्प्याचा नंबर यातून वजा केला की मधे किती तिकिटं फाटली ते कळतं. आगारात त्यावरून गाडीचं भारमान निघतं, म्हणजे गाडीची जेवढी क्षमता तिच्यापैकी किती खऱ्या अर्थाने वापरली गेली. भारमान सतत कमी पडलं तर फेरी बंद होऊ शकते. एका गावाची सकाळची एसटी राहते की जाते हे पुष्कळदा या कागदावर ठरतं.

मामांना माझं काम समजावून सांगायला गेले तेव्हा मला शिकवावं लागलं नाही. उलट मीच शिकले.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: तुझं वेबिल कोण भरतं?

सुरुवातीला सर्व्हर भरत असे. वेबसाइटचं पान मागितलं की ते पाठवणारा संगणक एका वहीत, म्हणजे लॉगमध्ये, एक ओळ लिहितो: किती वाजता, कोणत्या पत्त्यावरून, कोणतं पान, कोणत्या ब्राउझरने. नव्वदच्या दशकातली मोजदाद या ओळींवर चाले. अडचण अशी की पानावरचं प्रत्येक चित्रही वेगळं मागवलं जातं. पानावर दहा चित्रं असतील तर एका माणसाच्या एका भेटीत अकरा ओळी पडायच्या. या ओळींना ‘हिट’ म्हणत. ‘आमच्या साइटला लाखो हिट्स’ ही फुशारकी तिथूनच आली, आणि अजूनही भेटणारी माणसं मला विचारतात, ‘‘हिट्स किती?’’ ते विचारतात तेव्हा गाडीत माणसं किती हे विचारल्यासारखं त्यांना वाटतं. उत्तर मात्र माणसं, पिशव्या आणि कोंबड्या यांची बेरीज असते.

नंतर पानातच एक छोटा कोड बसवायची पद्धत आली. त्याला टॅग म्हणतात. पान तुमच्या मोबाइलवर उघडलं की हा टॅग मोजणाऱ्या कंपनीला निरोप पाठवतो. तुम्ही काल आलेले तेच आहात की नवीन, हे ओळखायला तो कुकी वापरतो. कुकी ही ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी चिठ्ठी. लू मॉन्टुली या प्रोग्रामरने १९९४ साली नेटस्केपमध्ये ती आणली. ऑनलाइन दुकानात टोपलीत टाकलेल्या वस्तू लक्षात राहाव्यात, एवढीच तेव्हाची गरज होती. मोजणीच्या कुकीवर तुमचं नाव नसतं, एक लांबलचक नंबर असतो. गुगलने २००५मध्ये अर्चिन ही कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात गुगल ॲनालिटिक्स फुकट दिलं. तोवर हे काम मोठ्या कंपन्यांनाच परवडणारं होतं. त्यानंतर कुठल्याही गल्लीतल्या दुकानाच्या साइटवर टॅग बसू लागला. माझ्या धंद्याची खरी वाढ तेव्हापासूनची.

‘‘मग पासवाले?’’ मामांनी विचारलं.

एसटीत शाळेच्या पासवर येणारी मुलं तिकीट काढत नाहीत, त्यांचा हिशेब निराळा ठेवावा लागतो. आमच्याकडचे पासवाले म्हणजे ज्यांच्या ब्राउझरने टॅग अडवला ते. ते येतात, वाचतात, विकतही घेतात, पण वेबिलावर नसतात. आणि एकाच माणसाला दोनदा मोजणं तर रोजचं. सकाळी लोकलमध्ये मोबाइलवर पाहिलं, दुपारी ऑफिसच्या संगणकावर: अहवालात दोन पाहुणे. घरात एकच फोन आजोबा, सून आणि नातू वापरतात: अहवालात एक पाहुणा. ॲपलच्या सफारी ब्राउझरने २०१९पासून अशा टॅगने ठेवलेल्या कुकीचं आयुष्य सात दिवसांवर आणलं. आठ दिवसांनी परतलेला जुना गिऱ्हाईक त्यामुळे नवा ठरतो. मालक अहवाल बघून खूश होतो की नवे लोक वाढले.

ठिकाणाचंही तसंच. पाहुणा कोणत्या शहरातला हे त्याच्या आयपी पत्त्यावरून ताडलं जातं. मोबाइल कंपन्या हजारो फोनांची वाहतूक मोजक्या पत्त्यांवरून बाहेर सोडतात, म्हणून पनवेलच्या खांदा कॉलनीत बसून पाहणारा माणूस बऱ्याचदा अहवालात मुंबईत दिसतो. ‘पनवेलमधून कुणी बघतच नाही’ असा निष्कर्ष काढून जाहिरातीचे पैसे दुसरीकडे वळवणारे लोक मी पाहिले आहेत.

मामांचा तिसरा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. तिकिटावर माणूस कुठवरचं तिकीट काढतो ते असतं. कुठे उतरला ते नसतं. पेणचं तिकीट काढून कुणी वाटेतच उतरला तर वेबिलाला पत्ता नाही. वेबच्या जुन्या मोजणीत हा दोष फार ठळक होता. पानावर किती वेळ गेला हे पुढचं पान कधी मागितलं त्यावरून काढत. शेवटच्या पानानंतर पुढचं पानच नसतं, म्हणून त्या पानाचा वेळ शून्य धरला जाई. एकच पान उघडून दहा मिनिटं मन लावून वाचलं आणि समाधानाने बंद केलं, तर नोंद शून्य सेकंदांची. वर त्या भेटीला ‘बाउन्स’ म्हणायचं, म्हणजे चेंडूसारखा आपटून परत गेला. आता गुगलच्या नव्या पद्धतीत दहा सेकंदांहून जास्त वेळ थांबलेली भेट तरी गुंतलेली मानतात. त्यात सुधारणा आहे, पण दहा सेकंद म्हणजे दोन-तीन श्वास.

या शून्याने काय घडू शकतं ते सांगते. पेणच्या बाजूच्या एका गणपतीच्या कारखान्याची साइट मी पाहत होते. शाडूच्या मूर्ती, उंचीप्रमाणे फोटो, आणि एक साधं पान, ज्यावर कारखान्याचा फोन नंबर आणि घरपोच कुठवर देतो ते गाव-गाव लिहिलेलं. श्रावणात गर्दी वाढली. मालकांनी अहवाल पाहिला आणि म्हणाले, ताई, हे फोनचं पान काढून टाकूया, सगळे तिथे येऊन परत जातात, बाउन्स सगळ्यात जास्त त्याचाच. फोटोंचं पान बघा, लोक किती वेळ रमतात. मी त्यांना कारखान्यातली वही काढायला सांगितली, ज्यात फोनवरच्या ऑर्डरी लिहिल्या जात. ज्या दिवशी फोनच्या पानावर गर्दी, त्या दिवशी वहीत ओळी जास्त. लोक नंबर बघत होते, पान बंद करत होते आणि फोन लावत होते. धंदा त्याच पानावरून होत होता. फोटोंमध्ये रमणाऱ्यांपैकी पुष्कळ जण घरच्या सजावटीसाठी कल्पना शोधत होते, असं पुढे त्यांनी कोणते शब्द टाकून शोधलं त्यावरून दिसलं.

माझं खरं काम हे आहे. आकडा काढायला यंत्र आहे. आकडा कशाबद्दल गप्प आहे ते ओळखणं आणि ते मोठ्याने सांगणं, यासाठी मी आहे. आणि ऑफिसात नेमका हाच भाग कुणाला दिसत नाही. प्रोग्रामरांच्या लेखी मी साइटवर टॅग घालायला लावून ती मंद करणारी बाई. जाहिरात विभागाला मी साक्षीदार म्हणून हवी असते, तीही त्यांच्या बाजूची. वरिष्ठांना सोमवारच्या बैठकीत एक आलेख हवा, चढता असला तर उत्तम. ‘हा आकडा असा आहे, पण...’ यातल्या ‘पण’च्या पुढे ऐकायला थांबणारा माणूस दुर्मिळ. अविनाश कौशिक यांनी, ज्यांच्या २००७च्या पुस्तकावर या क्षेत्रातली एक पिढी घडली, एक संज्ञा लोकप्रिय केली: हिप्पो. बैठकीत ज्याचा पगार सर्वांत मोठा त्याचं मत, या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं. ही संज्ञा जगभर इतकी पसरली याचा अर्थ ‘पण’ ऐकून न घेण्याची तक्रार फक्त ऐरोली-महापेच्या आयटी ऑफिसांतली नाही.

जिथे आकड्यावर पैसा ठरतो तिथे आकड्यावर संशयही येणारच. टीव्हीच्या टीआरपीचं उदाहरण आहेच. आकड्यांत फेरफार झाल्याच्या आरोपांनंतर बार्क या संस्थेने ऑक्टोबर २०२०मध्ये वृत्तवाहिन्यांचं साप्ताहिक रेटिंग थांबवलं आणि ते परत सुरू व्हायला मार्च २०२२ उजाडला. त्या दिवसांत लोकलमध्ये कुणी माझं काम विचारलं की पुढचा प्रश्न ठरलेला: म्हणजे तुम्ही पण आकडे फिरवता का?

आणि २०१८पासून ‘ॲनालिटिक्स’ या शब्दालाच डाग लागला. केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीकडे फेसबुकच्या लोकांची माहिती गेल्याचं त्या वर्षी मार्चमध्ये उघड झालं. फेसबुकने स्वतः दिलेला आकडा ८ कोटी ७० लाखांपर्यंतचा होता. तेव्हापासून आमच्याकडे हेर म्हणून पाहणारे वाढले. मला हे बोचतं, पण मी ते झटकून टाकत नाही. माझ्या पडद्यावर कुणाचं नाव येत नाही, हे खरं. त्याच पाहुण्याने लॉगिन केलं, फोन नंबर दिला, तर तो लांबलचक नंबर आणि नाव एकत्र जोडता येतं, हेही खरं. जोडू नये हा नियम आहे. जोडणं अशक्य आहे असं मी कुणाला सांगणार नाही.

मी बराच काळ असं समजत होते की लोकांना आमचं काम कळत नाही म्हणून ते घाबरतात, नीट समजावलं की भीती जाईल. आजीच्या प्रश्नानंतर मला वेगळं दिसू लागलं. मामांचं भारमान तरी किती जणांना कळत होतं? एसटीच्या प्रवाशाला वेबिल म्हणजे काय ते ठाऊक नसतं, तरी कंडक्टर मोजतोय याचा त्याला राग येत नाही. कारण मोजलं की तिकीट हातात येतं. कुणी मोजलं, कुठून कुठवर, किती पैसे, सगळं त्याच्या खिशात असतं. तपासणी पथक चढलं तर तेच तिकीट त्याची बाजू मांडतं. कंडक्टरची मोजणी आणि संपादनाची मोजणी यांत हा फरक आहे: एकीत मोजलेल्याच्या हातात प्रत असते. आणि या दोघांत मी उभी कुठे असेन तर संपादनाच्या बाजूला. मी लिहिते, पाहुण्याला काहीच देत नाही.

२६ ऑगस्ट २०२२पासून एसटीत ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत झाला. पैसे घ्यायचे नाहीत, तरी कंडक्टर त्यांना शून्य रुपयांचं तिकीट देतो. शासनाकडून भरपाई घ्यायला ती संख्या लागते, हे कारण आहेच. पण म्हाताऱ्या माणसाच्या हातात तो कागद येतो, तो बघून घडी करून पिशवीत ठेवतो. १७ मार्च २०२३ला महिलांना अर्धं तिकीट सुरू झालं तेव्हा आणखी एक गोष्ट झाली. त्याआधी पूर्ण तिकिटावर प्रवासी बाई की पुरुष याची नोंद नव्हती. सवलतीचं तिकीट वेगळं झालं आणि एसटीत बायका किती बसतात हे पहिल्यांदा हिशेबात दिसायला लागलं. त्या आधीही बसत होत्याच. मोजणीने नुसता हिशेब होत नाही, माणूस दिसूही लागतो. म्हणून मला हे काम आवडतं आणि सोडावंसं वाटत नाही.

मग आमच्याकडे तिकीट काय असू शकतं? कुकीच्या परवानगीच्या त्या पट्ट्या ही तिकिटं म्हणवत नाहीत. ‘स्वीकारा’ हे बटण मोठं आणि हिरवं, ‘नको’ कुठेतरी तीन पायऱ्या आत, मजकूर इंग्रजी आणि वकिली. युरोपात २०१८च्या मे महिन्यात कडक कायदा लागू झाल्यावर त्या जगभर पसरल्या. डिसेंबर २०२१मध्ये ऑस्ट्रियाच्या नियामकाने एका साइटवरचा गुगल ॲनालिटिक्सचा वापर त्या कायद्यात बसत नाही असा निर्णय दिला, कारण माहिती अमेरिकेत जात होती. आमच्या धंद्यात त्याने चांगलीच खळबळ माजली.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ला खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, आणि २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. बहुतेक जबाबदाऱ्यांसाठी दीड वर्षाची मुदत आहे. या कायद्यातल्या दोन गोष्टी मी मामांना वाचून दाखवल्या. परवानगी मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय हवी. त्या २२ भाषांत मराठी आहे. आणि ज्याची माहिती आहे तो विचारू शकतो की माझं काय काय लिहून ठेवलंय, कुणाकुणाला दिलंय. त्याचा गोषवारा त्याला द्यावा लागेल. मामा म्हणाले, ‘‘ही तर क प्रत झाली.’’ माझ्या मनात तोच शब्द होता.

मुदतीची वाट न पाहता गणपतीच्या कारखान्याच्या साइटसाठी मी मराठी सूचना लिहायला घेतली. पहिला मसुदा आठ ओळींचा झाला, त्यात ‘आपला अनुभव समृद्ध करण्यासाठी’ असं काहीतरी होतं. मामांनी ते खोडलं. म्हणाले, कोण मोजतंय ते आधी लिही. तिकिटावर सगळ्यात वर महामंडळाचं नाव असतं. मग काय मोजतो ते, मग किती दिवस ठेवतो ते. आणि ‘नको’ म्हणायचं बटण ‘हो’एवढंच मोठं. शेवटी चार ओळी उरल्या: ही साइट कोण चालवतं, तुम्ही कोणती पानं पाहता आणि साधारण कोणत्या शहरातून, एवढं आम्ही मोजतो, नाव-नंबर त्याला जोडत नाही, सहा महिन्यांनी पुसतो. खाली हो आणि नको, शेजारी शेजारी, एकाच आकाराचे. नको म्हटलं तर टॅग सुरूच होत नाही.

मालकांना धाकधूक होती. लोक नको म्हणतील. म्हणालेच. महिन्याच्या अहवालात पाहुण्यांची रेघ एका तारखेला खाली उतरली आहे. वहीतल्या ऑर्डरी मात्र मागच्या श्रावणासारख्याच चालू आहेत. मालक दुसऱ्या कुणाला ती रेघ दाखवतील, तो विचारेल की इथे काय बिघडलं, म्हणून आलेखावर त्या तारखेपाशी मी टीप लिहून ठेवली आहे: माणसं कमी झालेली नाहीत, या दिवसापासून विचारून मोजतो.